तराजूसारखा ‘पासंग’ चिपलाही असतो! उसाच्या काट्यापासून ढगात शिरणाऱ्या विमानापर्यंत, शून्य धरून ठेवायची गोष्ट

सोलापूर जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रकांच्या रांगा लागतात. रांग सरकत सरकत शेवटी एका लोखंडी प्लॅटफॉर्मवर येते, खिडकीतल्या डब्यावर लाल आकडे हलतात, थांबतात आणि पावती बाहेर पडते. बारा-चौदा महिने रानात उभ्या असलेल्या पिकाचं काय झालं, ते त्या एका आकड्यात ठरतं.

काट्यावरून दर हंगामात वाद होतात. ‘काटामारी’ हा शब्द आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. पण आज आपण मुद्दाम केलेल्या लबाडीबद्दल बोलणार नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे. समजा काटा पूर्ण प्रामाणिक आहे, माणूसही प्रामाणिक आहे, तरी तो लाल आकडा कशाच्या भरवशावर खरा मानायचा? प्लॅटफॉर्म रिकामा असताना दिसणारं ते शून्य खरंच शून्य असतं का?

हा प्रश्न फक्त काट्याचा नाही. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापुरातून विमानं उडवून ढगांमध्ये कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. त्या विमानासारख्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांनाही हाच प्रश्न छळतो. दोन्हीकडे दुखणं एकच आहे. सेन्सरमधून येणारा विजेचा संदेश इतका बारीक असतो की तो वाढवणाऱ्या सर्किटची स्वतःची चूक त्याच्यापेक्षा मोठी निघू शकते.

आधी जुना तराजू आठवा

वाण्याच्या दुकानातला दोन पारड्यांचा तराजू आठवतोय? दोन्ही पारडी तंतोतंत सारख्या वजनाची कधीच नसायची. मग हलक्या बाजूला खडा, लोखंडाचा तुकडा नाहीतर चिंधी बांधून दांडी सरळ करायची. त्याला पासंग म्हणायचं. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण आजही म्हणतो, पण तो पासंग काय असतो हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

इलेक्ट्रॉनिक ॲम्प्लिफायरमध्ये नेमकी हीच भानगड आहे. मोजमापाच्या यंत्रात जे ॲम्प्लिफायर वापरतात, त्याला ऑप-ॲम्प म्हणतात. त्याला दोन इनपुट असतात. दोन्हींवरच्या व्होल्टेजमधला फरक काढायचा आणि तो कित्येक पटींनी वाढवून द्यायचा, एवढंच त्याचं काम. म्हणजे हा दोन पारड्यांचा तराजूच झाला. दोन्ही इनपुट एकमेकांना जोडून टाकले, तर फरक शून्य आणि आउटपुटही शून्य यायला हवं. प्रत्यक्षात येत नाही. रिकाम्या पारड्यांतही दांडी थोडी कललेली असते. या कलण्याला ‘ऑफसेट’ म्हणतात.

दांडी कलते का? दोन्ही इनपुटच्या मागे एकेक ट्रान्झिस्टर असतो. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर, एकमेकांना चिकटून, एकाच वेळी बनलेले हे जुळे. पण जुळ्यांतही थोडा फरक असतोच. दोघांच्या आकारात फक्त एक टक्का फरक राहिला, तर नेहमीच्या तापमानाला साधारण ०.२६ मिलिव्होल्ट ऑफसेट तयार होतो. एक मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. घरातल्या पेन्सिल सेलमध्ये दीड व्होल्ट असतात, हे लक्षात घेतलं तर ०.२६ मिलिव्होल्ट ही नगण्य गोष्ट वाटेल. तिथेच गफलत होते.

दहा किलो ऊस म्हणजे किती व्होल्ट?

वजनकाट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोडसेल नावाचे पोलादी ठोकळे असतात. वजन पडलं की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका दबतो. त्याच्यावर चिकटवलेल्या पातळ पट्ट्या ताणल्या किंवा आकसल्या जातात, त्यांचा विद्युतरोध किंचित बदलतो आणि त्या बदलाचं व्होल्टेज होतं.

आता थोडा हिशोब करू. लोडसेलला सहसा १० व्होल्ट पुरवठा दिला, तर त्याच्या पूर्ण क्षमतेच्या वजनाला साधारण २० मिलिव्होल्ट बाहेर येतात. समजा काट्याखाली ३० टनी सहा लोडसेल आहेत. एकूण क्षमता १८० टन. (काटा ५०-६० टनांचा असला तरी लोडसेल मुद्दाम दणकट घेतात, कारण ट्रक आदळत येतो आणि प्लॅटफॉर्मचंही वजन असतं.) म्हणजे १८० टनांना २० मिलिव्होल्ट. भागाकार केला की ९ किलोला एक मायक्रोव्होल्ट येतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. काट्यावर दहा-दहा किलोंचे टप्पे दिसतात, तो प्रत्येक टप्पा जेमतेम एका मायक्रोव्होल्टचा असतो.

आता या काट्याला बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारा साधा ऑप-ॲम्प लावून बघू. एलएम३५८ ही चिप कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या प्रत्येकाने हाताळलेली असते. तिचा ऑफसेट दोनेक मिलिव्होल्टचा असणं अगदी सामान्य. आपल्या हिशोबाने दोन मिलिव्होल्ट म्हणजे १८ टन! काट्यावर काही नसताना एक भरलेली गाडी उभी असल्याचं दिसेल.

अर्थात असा काटा कोणी बनवत नाही. पण सोलापूर असो की पुणे, कितीतरी विद्यार्थ्यांचे पहिले प्रोजेक्ट इथेच अडकतात. सेन्सर ठीक, कोडिंग ठीक, तरी आकडा भलताच येतो.

मग वजा करून टाका की!

कुणीही हेच म्हणेल. रिकाम्या काट्याला १८ टन दिसतात ना? मग प्रत्येक आकड्यातून १८ टन वजा करायचे, विषय संपला. पासंग बांधण्यासारखंच झालं.

चूक कायम तेवढीच राहत असती तर हे खरंच पुरेसं होतं. शिवाय उसाची गाडी दोनदा मोजतात, आधी भरलेली आणि माल उतरवल्यावर रिकामी. दोन्ही आकड्यांत सारखीच चूक असेल तर वजाबाकीत ती आपोआप कापली जाते. कायम राहणारा ऑफसेट म्हणजे रोज ठरलेली दहा मिनिटं पुढे असणारं घड्याळ. त्याची सवय करून घेता येते.

खरा त्रास चूक सरकते तेव्हा होतो. याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण तापमान. ट्रान्झिस्टरचं वागणंच तापमानावर अवलंबून असतं, त्यामुळे ऑफसेटही उन्हाबरोबर चढतो-उतरतो. एलएम३५८ चा ड्रिफ्ट साधारणपणे अंशाला सात मायक्रोव्होल्ट. गाळप हंगामात सोलापुरात पहाटे १५ अंश आणि दुपारी ३० अंश ही काही विशेष गोष्ट नाही. पंधरा अंशांचा फरक म्हणजे १०५ मायक्रोव्होल्ट, म्हणजेच ९४५ किलो. सकाळी भरलेली गाडी मोजली, दुपारी रिकामी मोजली आणि मधल्या वेळात शून्य पुन्हा लावलंच नाही, तर जवळपास टनभर ऊस नुसत्या उन्हाने गायब होईल किंवा फुकट वाढेल. कुणी काहीही न करता.

म्हणून मोजमापाच्या यंत्रांचे डिझायनर चिप निवडताना आधी ऑफसेट बघतात, पण झोप उडते ती ड्रिफ्टच्या आकड्याने.

पहिला उपाय: कारखान्यातच पासंग बांधून द्यायचा

१९६८ साली आलेली ‘७४१’ ही ऑप-ॲम्प चिप प्रचंड खपली. तिच्यावर पासंग बांधायला दोन वेगळ्या पिना होत्या. बाहेरून छोटा स्क्रू असलेला प्रिसेट लावायचा आणि आउटपुट शून्य होईपर्यंत फिरवायचा. जुन्या यंत्रांच्या आत पिवळ्या रंगाने किंवा लाखेने सील केलेले असे स्क्रू अजून सापडतात. अडचण अशी की तो स्क्रूही हादऱ्याने, धुळीने, वयाने सरकतो.

१९७५ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रिसिजन मोनोलिथिक्स या कंपनीत जॉर्ज एर्डी यांनी हे काम चिपच्या आतच करून टाकलं. चिपवर आधीच छोट्या-छोट्या डायोडची मालिका ठेवायची. सिलिकॉनची चकती तपासणीला आली की ऑफसेट मोजायचा आणि गरजेनुसार त्यातले काही डायोड विजेच्या जोरदार झटक्याने कायमचे शॉर्ट करून टाकायचे. पासंग बांधला आणि गाठ जाळून पक्की केली! ही चिप म्हणजे ओपी-०७. ऑफसेट मिलिव्होल्टवरून काही दहा मायक्रोव्होल्टवर आला. या प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये ऑफसेट आणि ड्रिफ्ट एकाच मुळातून येतात, त्यामुळे एक कमी केला की दुसराही कमी झाला. ओपी-०७ चा ड्रिफ्ट साधारण अंशाला ०.३ मायक्रोव्होल्ट. आपल्या काट्याच्या भाषेत पंधरा अंशांना ४० किलो.

टनभरावरून चाळीस किलोवर. वाईट नाही. पण टनाला साडेतीन हजारांचा भाव धरला तर एका खेपेला १४० रुपये इकडचे तिकडे होतात, आणि शास्त्रीय उपकरणांना तर एवढी चूकही चालत नाही.

दुसरा उपाय: पारडी बदला

जुने सोनार आणि प्रयोगशाळेतले लोक एक युक्ती वापरायचे. तराजूवर संशय आहे? वस्तू डाव्या पारड्यात ठेवून तोला, मग तीच वस्तू उजव्या पारड्यात ठेवून पुन्हा तोला. तराजूला पासंग असेल तर एकदा वजन जास्त येईल, एकदा तेवढंच कमी. दोन्हींची सरासरी काढा, पासंग गेला. तो किती होता, हे कळायचीही गरज नाही.

‘चॉपर’ ॲम्प्लिफायर नेमकं हेच करतो, फक्त सेकंदाला हजारो वेळा. चिपच्या आत बारीक इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. ते दोन्ही इनपुटची अदलाबदल करत राहतात आणि आउटपुटच्या बाजूला त्याच तालात उलटी अदलाबदल करतात. खरा संदेश दोनदा उलटला गेल्याने सुलटाच बाहेर पडतो. ऑफसेट मात्र मधूनच शिरलेला असतो, त्यामुळे तो एकदाच उलटतो आणि वर-खाली, वर-खाली असा थरथरत राहतो. ती थरथर फिल्टरने गाळून टाकली की उरतो तो जवळपास निखळ संदेश.

कल्पना जुनी आहे. १९४९ च्या सुमारास आरसीए कंपनीत एडविन गोल्डबर्ग यांनी व्हॅक्यूम ट्यूबच्या काळात चॉपरने सावरलेला ॲम्प्लिफायर मांडला. तेव्हाचे स्विच म्हणजे अक्षरशः थरथरणारी रिले, गुणगुण आवाज करणारी. आज तेच काम तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये होतं आणि तिचा ड्रिफ्ट अंशाला ०.०५ मायक्रोव्होल्टच्या आत असतो. पंधरा अंशांना सात किलोंपेक्षा कमी, म्हणजे काट्याच्या एका टप्प्याच्याही आत.

यात एक बोनसही आहे. प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये एक मंद गतीची खरखर असते. ती जितकी सावकाश, तितकी जोरकस. चॉपरला ती सावकाश बदलणाऱ्या ऑफसेटसारखीच दिसते, म्हणून तीही गाळली जाते. वजन, तापमान, सूर्यप्रकाश या सगळ्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टी मोजणाऱ्यांना याचं मोल फार.

चिप चांगली, तरी शून्य हलतंय?

हा अनुभव हमखास येतो. डेटाशीट वाचून महागडी चिप आणली, लावली, आणि शून्य पुन्हा डुलायला लागलं. दोष चिपच्या बाहेर असतो.

दोन वेगवेगळे धातू एकमेकांना जोडले आणि असे दोन सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की तिथे आपोआप व्होल्टेज तयार होतं. थर्मोकपल नावाचं तापमापक याच तत्त्वावर चालतं. गंमत अशी की सर्किटमधला प्रत्येक सांधा हा न मागितलेला थर्मोकपल असतो. तांब्याची तार आणि शिसं-कथलाचं सोल्डर यांच्यात अंशाला एक ते तीन मायक्रोव्होल्ट. म्हणजे एका इनपुटचा सांधा दुसऱ्यापेक्षा फक्त एक अंश गरम झाला तर काट्यावर ९ ते २७ किलो! आणि तांब्यावर काळपट गंज चढला असेल तर? स्वच्छ तांबं आणि तांब्याचा ऑक्साइड यांच्यात अंशाला हजार मायक्रोव्होल्टपर्यंत मजल जाते. म्हणजे एका अंशाला नऊ टन. ओल, चिखल आणि उसाच्या रसाने चिकट झालेल्या जंक्शन बॉक्समधला एखादा ढिला स्क्रू काय करू शकतो, याचा अंदाज यावरून येईल.

म्हणून चांगला डिझायनर सर्किट काढताना नुसता विजेचा नाही, उष्णतेचाही नकाशा डोक्यात ठेवतो. दोन्ही इनपुटच्या वाटेत सारखेच सांधे, सारख्याच धातूंचे, अगदी शेजारी-शेजारी. गरम होणारे भाग दूर. पंख्याचा वारा थेट बोर्डावर नको. कधीकधी चिपवर नुसतं प्लास्टिकचं झाकण ठेवलं तरी शून्य एकदम शांत होतं, कारण हवेची झुळूक थांबते. ऐकायला घरगुती उपाय वाटतो, पण काम करतो.

लोडसेलसाठी याहून हुशार तोड आहे. फक्त ॲम्प्लिफायरची नाही, लोडसेलला दिलेल्या पुरवठ्याचीच दिशा सारखी उलटत राहायची. वजनाचा संदेश पुरवठ्याबरोबर उलटतो, सांध्यांमधून आलेलं फुकटचं व्होल्टेज उलटत नाही. मग वेगळं काढणं सोपं. पुन्हा तीच पारडी बदलायची युक्ती, एक पायरी आधी.

शून्य बघायची संधीच मिळाली नाही तर?

काट्याचं एक बरं आहे. दर थोड्या वेळाने प्लॅटफॉर्म रिकामा होतो आणि यंत्राला आपलं शून्य पुन्हा जुळवून घेता येतं. बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांमध्ये हे आपोआप होतं. शून्याच्या आसपासचा अगदी छोटा, अगदी सावकाश बदल यंत्र ‘हा ड्रिफ्ट आहे’ असं समजून पुसून टाकतं. त्यामुळे मघाचा टनभराचा हिशोब प्रत्यक्षात तसाच होत नाही.

पण सूर्य काही दिवसा मालवता येत नाही. सूर्यप्रकाश मोजणाऱ्या यंत्राला पायरॅनोमीटर म्हणतात. काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते, ती उन्हाने तापते आणि खालचे बारीक सांधे व्होल्टेज देतात. साधारण हिशोब असा, की एका चौरस मीटरवर एक वॅट ऊन पडलं तर दहा मायक्रोव्होल्ट. भर दुपारी हजार वॅट म्हणजे दहा मिलिव्होल्ट. ॲम्प्लिफायरचा ऑफसेट ५० मायक्रोव्होल्ट असेल तर पाच वॅटची चूक. दुपारी ती अर्धा टक्का ठरते, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण सकाळच्या कोवळ्या शंभर वॅटच्या उन्हात तीच चूक पाच टक्के होते.

भारतात हे मोजमाप शिस्तीने सुरू करण्यामागे एक नाव आहे, ॲना मणी. १९१८ साली केरळात जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान विभागात रुजू झाल्या. हवामानाची उपकरणं परदेशातून आणण्याऐवजी इथेच बनवायची आणि एकमेकांशी ताडून बघायची, हा त्यांचा आग्रह होता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशात सौर प्रारणाच्या मोजणीचं जाळं उभं केलं. १९८० आणि १९८१ मध्ये आलेले त्यांचे भारतातल्या सौर प्रारणावरचे ग्रंथ पुढे सौरऊर्जेवर काम करणाऱ्यांना पाया म्हणून उपयोगी पडले. चुकीची मोजणी करण्यापेक्षा न केलेली बरी, अशा वृत्तीच्या त्या होत्या.

पायरॅनोमीटरला शून्य बघायची संधी रात्री मिळते. तिथे एक मजेशीर गोष्ट दिसते. निरभ्र रात्री हे यंत्र अनेकदा उणे आकडा दाखवतं. उणे ऊन! हा ॲम्प्लिफायरचा दोष नसतो. वरचा घुमट मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडून खालच्या भागापेक्षा थंड होतो, आणि सेन्सर उलट दिशेचं व्होल्टेज देतो. मग रात्रीच्या आकड्यातला सेन्सरचा वाटा किती आणि सर्किटचा किती? हे सांगता यायचं असेल, तर निदान सर्किटचं शून्य तरी शंकेच्या पलीकडचं हवं. कमी ऑफसेटच्या ॲम्प्लिफायरचा खरा उपयोग इथे कळतो. तो चूक कमी करतोच, शिवाय उरलेली चूक कुणाची हे सांगायची सोय करतो.

आणि सोलापूरच्या आकाशात?

आता येऊ ढगांकडे. सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. ढग येतात, दाटतात आणि पुष्कळदा तसेच पुढे जातात, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणूनच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सुरू असलेल्या ‘कायपीक्स’ या प्रयोगाचा चौथा टप्पा इथे घेतला. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडसारख्या क्षारांचे बारीक कण सोडायचे. ते ओलावा ओढून घेतात, थेंब मोठे होतात आणि पाऊस पडायची शक्यता वाढते.

पण थेंब मोठे झाले हे कळणार कसं? त्यासाठी अशा विमानांच्या पंखाखाली थेंबमापक यंत्रं असतात. लेसरच्या बारीक झोतातून थेंब गेला की प्रकाश विखुरतो. तो फोटोडायोडवर पडतो आणि इवलासा करंट तयार होतो. ॲम्प्लिफायर त्याचं व्होल्टेज करतो. ठोका जितका उंच, तितका थेंब मोठा. दोन मायक्रॉनच्या थेंबापासून पन्नास मायक्रॉनपर्यंतचे थेंब असे सुटे-सुटे मोजले जातात.

ठोक्याची उंची मोजायची म्हणजे ती जमिनीपासून मोजायची. ती जमीनच वर सरकली तर लहान थेंब चुकीच्या रकान्यात जातात, खाली गेली तर काही थेंब दिसतच नाहीत. आणि हे विमान काही मिनिटांत सोलापूरच्या उकाड्यातून शून्याखालच्या थंडीत जातं. ड्रिफ्टला याहून चांगली संधी कोणती! म्हणून अशा यंत्रांत आधाररेषा सतत तपासत राहावी लागते, आणि दोन ढगांमधली स्वच्छ हवा हीच त्यांची रिकाम्या काट्याची वेळ.

इथे ऑफसेटचा एक चुलत भाऊही भेटतो, बायस करंट. ॲम्प्लिफायरच्या इनपुटला स्वतःला थोडा करंट लागतो. लोडसेलसारख्या सेन्सरला तो जाणवत नाही. पण फोटोडायोडचा करंटच अतिसूक्ष्म असतो, त्यातलाच घास गेला तर? जमिनीचा सामू मोजणाऱ्या पीएच मीटरचं दुखणंही हेच. त्याच्या काचेच्या कांडीचा रोध शंभर मेगाओहमच्या घरात असतो. तिथे ‘७४१’ लावायचा म्हटलं तर तिला लागणारा करंट त्या रोधातून वाहायला आठेक व्होल्ट लागतील, आणि पीएचचा एक आख्खा अंक म्हणजे जेमतेम ५९ मिलिव्होल्ट! अशा जागी अगदी नगण्य करंट घेणारी वेगळ्या जातीची चिप लागते. मघाचा गुणी चॉपरही इथे अडचणीचा ठरू शकतो, कारण त्याचे स्विच प्रत्येक फेरीला करंटचे बारीक झटके मारतात. सगळ्या जागी चालणारी एक चिप नसते. बोर्डावर राहिलेला बोटांचा तेलकट ठसासुद्धा इथे गळतीची वाट बनतो, म्हणून असे बोर्ड धुऊन, वाळवून, हातमोजे घालून बसवतात.

सोलापूरच्या प्रयोगात एकूण २७६ ढगांचा अभ्यास झाला. काहींत कण सोडले, काहींत नाही, आणि कोणत्या ढगात सोडायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखं योगायोगावर ठेवलं. नंतर रडार आणि पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर वाऱ्याच्या दिशेच्या भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस पडल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता ही मांडणी नीट बघा. ढग मुळात किती बरसला असता, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून कण टाकलेले आणि न टाकलेले ढग त्याच यंत्रांनी, त्याच पद्धतीने मोजायचे आणि फरक काढायचा. दोन्ही गटांत यंत्राची जी कायमची चूक असेल ती वजाबाकीत मोठ्या प्रमाणात कापली जाते. चिपच्या आत सेकंदाला हजारो वेळा चालणारी पारड्यांची अदलाबदल, आणि दोन पावसाळे चाललेला हा प्रयोग, दोन्हींमागे एकच विचार आहे. आणि दोन्हींची एकच अट आहे. मधल्या वेळात शून्य सरकता कामा नये. १८ टक्के हा काही डोळ्यांना दिसणारा फरक नव्हे, उद्या दुष्काळी तालुक्यांसाठी यावर पैसा खर्च करायचा की नाही, हे अशाच आकड्यांवरून ठरणार आहे.

पुन्हा काट्यापाशी

तुमची गाडी काट्यावर जाणार असेल, तर एवढं सगळं वाचल्याचा उपयोग काय?

एक, गाडी चढायच्या आधी डब्यावर शून्य आहे का ते बघा. पुढची गाडी पूर्ण खाली उतरलेली असू द्या, शून्य स्थिर झालेलं असू द्या. रांग कितीही मोठी असली तरी त्या दोन-चार सेकंदांतच यंत्र आपला पासंग काढत असतं. रिकामी गाडी मोजतानाही हेच बघा, तिथे लोक सहसा लक्ष देत नाहीत.

दोन, शून्य बरोबर असलं म्हणजे सगळं बरोबर, असं नाही. शून्य ठीक असून वीस टनांना आकडा कमी-जास्त दिसू शकतो. तो ऑफसेटचा नाही, वाढवण्याच्या प्रमाणाचा दोष. तो फक्त प्रमाणित वजनं ठेवूनच पकडता येतो. त्यासाठी वैधमापनशास्त्र विभागाकडून वजनकाट्याची दर वर्षी पडताळणी व्हावी लागते. तिचं प्रमाणपत्र काट्याच्या जागी लावलेलं असायला हवं. त्यावरची तारीख वाचा.

तीन, दोन वेगळ्या काट्यांवर आकडा तंतोतंत जुळेल ही अपेक्षा ठेवू नका. दहा किलोंचे टप्पे असलेल्या काट्याला वीस टनांच्या पुढे पडताळणीच्या वेळी १५ किलो इकडे-तिकडे चालतात, आणि रोजच्या वापरात त्याच्या दुप्पट. त्यामुळे पन्नास किलोंचा फरक दोन चांगल्या काट्यांतही येऊ शकतो. पण फरक पाचशे किलोंचा किंवा टनाचा असेल, तर तो तापमान, सोल्डर किंवा मायक्रोव्होल्टच्या खात्यावर टाकता येणार नाही. अशा वेळी दोन्ही पावत्या, तारीख-वेळ आणि गाडीचा नंबर जपून ठेवून वैधमापनशास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करता येते.